न चाखलेला रॉब रॉय

आमच्या घरात दारूवर जेवढं बोलणं झालं आहे तेवढं एखाद्या गुत्त्यातही होत नसेल. आणि इतकी वर्षं कोलकात्यात सॉल्ट लेकला राहून आमच्या क्वार्टरमध्ये दारूची बाटली एकदाही आलेली नाही. माझा नवरा केंद्र सरकारच्या एका उपक्रमात अधिकारी आहे. तो निर्व्यसनी आहे, आणि ही गोष्ट समोरच्याला ओळख होता होताच कळली पाहिजे असा त्याचा आग्रह असतो. बदलीवर कोलकात्याला आलो तेव्हा मुलगी तिसरीत होती. नंतरच्या बदल्या त्याने खटपट करून टाळल्या, कारण मुलीची शाळा. शाळा झाली, इंजिनिअरिंग झालं, सेक्टर फाइव्हमध्ये आयटीत नोकरी लागली, आणि ती नोकरी वर्षभरात सोडून मुलगी बारटेंडर झाली. तेव्हापासून आमच्याकडे दुसरा विषय नाही.

मला स्वतःला काय वाटलं, असं कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की धक्का बसला, पण तो बापाच्या धक्क्यापुढे फिका पडला. तो ताटाकडे बघत जेवायचा, पोळी हवी असली तर भिंतीला सांगायचा. मुलगी तेवढीच हट्टी. ती इथेच वाढली, तिचं मराठी अर्धं बंगाली वळणाचं, भांडताना तर ती तीन भाषा एका वाक्यात कोंबते. “बाबा, तुम्ही एकदा येऊन बघा ना, किती क्लीन काम आहे,” असं ती म्हणायची, आणि तो पेपरचं पान उलटायचा. दोघांच्या मध्ये मी. याचा निरोप तिला, तिचा निरोप याला, आणि दोन्हीकडून बोलणी मला. अगदी वैताग आला होता.

तोडगा निघाला तो गौरीजेवणाच्या दिवशी. त्या दिवशी ती सुट्टी काढून माझ्या हाताखाली होती. आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक कुणीही चाखायचा नाही. देवाला दाखवायच्या आधी पुरणाचा कण तोंडात जाता कामा नये, कढीचं मीठ बघायचं नाही, सगळं अंदाजाने आणि वासावर. मी सासूबाईंकडून ते शिकले आणि मुलीला शिकवलं. कटाच्या आमटीवर वाकून तिने वास घेतला आणि म्हणाली, “आई, मीठ कमी आहे.” मी चिमूटभर घातलं. नैवेद्य दाखवून पानं वाढली तेव्हा आमटी अशी बरोबर लागली की मला भरून आलं. नवऱ्याने दुसऱ्यांदा आमटी मागितली. कितीतरी दिवसांनी त्याने तिच्याकडे बघून मागितली होती.

जेवण झाल्यावर सुपारी कातरताना तो म्हणाला, “तुझी आई एवढा स्वयंपाक न चाखता करते. तू दारू न चाखता करायला काय हरकत आहे?”

तो पुढे म्हणाला, “तुला करायचंय ते कर. लोकांना पाज. पण तुझ्या ओठाला थेंब लागता कामा नये. गौरी समोर बसल्यात, शब्द दे.”

तिने माझ्याकडे बघितलं. मी काय करावं? माझ्या स्वयंपाकाचं कौतुक त्या घरात वर्षातून एकदा होतं, तेही असं आडवळणाने. मी मान डोलावली. मुलगी उठली, गौरींपुढे हात जोडले आणि म्हणाली, “नाही घेणार.” नवऱ्याने सुपारी तोंडात टाकली आणि त्या दिवसापासून आमच्याकडे जेवताना माणसं माणसांशी बोलायला लागली.

मला तो तोडगा फारच पसंत पडला होता. साताऱ्याच्या बहिणीला मी फोनवर सांगितलं की आमची लेक जगातली एकटी असेल, नैवेद्याच्या पद्धतीने कॉकटेल करणारी. बहीण हसली. म्हणाली, “अगं, पण जमतं का तसं?” मी म्हटलं, वासावरून सगळं कळतं, नाक लागतं फक्त. एवढ्या ठामपणे मी आयुष्यात फार कमी गोष्टी सांगितल्या असतील.

नवरा मात्र बोलायला लागला म्हणून मुलीचं काम सांगायला लागला, असं नव्हे. इथे मराठी माणसं मूठभर. बँकवाले, आयटीवाले, आमच्यासारखे बदलीवाले. मंडळाच्या गणपतीत सगळी भेटतात, आणि भेटली की आधी मुलांची चौकशी. “लेक कुठे असते हल्ली?” असं कुणी विचारलं की हा म्हणायचा, “हॉटेल लाइनमध्ये आहे.” कुठल्या हॉटेलात? “मोठ्या.” काय करते? “मॅनेजमेंट.” एकदा एका बँकवाल्याच्या बायकोने, पुतण्याला तीच लाइन घ्यायची आहे म्हणून, खोदून खोदून विचारलं, तेव्हा हा आरती सुरू होतेय म्हणून उठून गेला. आरतीला अजून अर्धा तास होता. मुलगी शेजारीच प्रसादाचे द्रोण लावत होती. तिने एक द्रोण उगाच पुन्हा पुसला. मला त्याचा असा संताप आला होता की घरी येईपर्यंत मी टॅक्सीत खिडकीबाहेर बघत होते.

ती ज्या बारमध्ये होती तो पार्क स्ट्रीटच्या एका आडगल्लीत आहे. मालक सत्तरीच्या पुढचे बंगाली गृहस्थ. त्यांचं आयुष्य चहाच्या लिलावात गेलं. ओळीने मांडलेल्या पेल्यांमधून चमचा चमचा चहा सुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा, आणि हा कुठल्या बागेचा, कुठल्या तोडणीचा ते सांगायचं, हा त्यांचा पेशा. निवृत्त झाल्यावर त्यांनी बार काढला. मुलगी त्यांच्याकडे उमेदवारीवर होती. ते वरच्या मजल्यावर नवं काउंटर उघडणार होते, आणि ते कुणाला द्यायचं हे ठरवायचं होतं. मिळालं तर ते काउंटर तिचं, तिच्या पद्धतीने लावायचं, तिच्या हाताखाली माणसं. नाही मिळालं तर उमेदवारी संपली, दुसरीकडे बघा. सेक्टर फाइव्हच्या नोकरीत मी तिला कधी कामाबद्दल बोलताना ऐकलं नव्हतं. या काउंटरबद्दल ती भाजी निवडताना बोलायची, केस वाळवताना बोलायची, फळ्या कुठे, दिवे कसे, बर्फाचं मशीन कुठल्या हाताला.

मालकांची परीक्षा एकच असते, असं तिने सांगितलं. रॉब रॉय करून दाखवायचा.

“म्हणजे काय?” मी विचारलं.

“स्कॉच व्हिस्की, गोड व्हर्मूथ आणि बिटर्सचे थेंब. वरून चेरी. बस.”

मी म्हटलं, एवढंच? यात परीक्षा कसली? तर ती म्हणाली, एवढंच आहे म्हणूनच. फळांचा रस नाही, साखर नाही, सोडा नाही, काही लपवायला जागाच नाही. बिटर्स म्हणजे कडू अर्क, व्हर्मूथ म्हणजे वनस्पती घालून मुरवलेली वाईन. व्हिस्की धुराच्या वासाची असली तर व्हर्मूथचं माप वेगळं, नसली तर वेगळं. मग मोठ्या पेल्यात बर्फावर ढवळायचं, गदागदा हलवायचं नाही, फेस येता कामा नये. थंड किती झालं, पाणी किती सुटलं, सगळं त्या ढवळण्यात. मला ते पटलं. वरणाला फोडणी देणारीला असल्या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

घरी दारू आणायची सोय नव्हती, म्हणून ती काळ्या चहावर सराव करायची. फ्रिजमधला बर्फ, माझा काचेचा जार, आणि लांब दांड्याचा चमचा. चमचा काचेला न आपटता फिरला पाहिजे. दुपारभर स्वयंपाकघरात नुसती बर्फाची बारीक कुरकुर. नवरा सुट्टीच्या दिवशी दारात येऊन उभा राहिला.

“या रॉब रॉयचा अर्थ काय?”

“माणसाचं नाव आहे, बाबा. स्कॉटलंडचा. जमीनदारांची गुरं पळवायचा, त्यांच्याशी भांडायचा. लोकांनी त्याच्यावर गाणी केली, गोष्टी केल्या.”

“म्हणजे दरोडेखोर.”

“लोकांना आवडायचा.”

“दरोडेखोरच. छान. शिकलेल्या मुलीने दरोडेखोराच्या नावाची दारू करायची.” आणि तो पाण्याची बाटली घेऊन निघून गेला. मुलगी हसली आणि पुन्हा चमचा फिरवायला लागली. मी मात्र पेटले. आपल्याकडे डोंगरात दडून सावकाराला लुटणाऱ्यांचे पोवाडे हाच माणूस मान हलवत ऐकतो. पण ते आपले. हे मी त्याला ऐकवलंही. तो म्हणाला, “त्यांच्या नावाने कुणी दारू काढली नाही.”

परीक्षेच्या दिवशी उमेदवाराने घरचं माणूस आणावं, अशी त्या मालकांची पद्धत. चहाच्या बागेत म्हणे नव्या माणसाला कामावर घेताना घरच्यांना बोलावून चहा द्यायचे, तीच सवय त्यांनी पुढे चालवली. मुलीने मला सांगितलं, “आई, तू ये.” मी म्हटलं, “आम्ही दोघंही येतो.” तर म्हणाली, “नको. फक्त तू ये. बाबांना नको.”

“का?”

“असंच. मला टेन्शन येईल.”

हे मी मनावर घेतलं नाही. मला वाटलं, लाजते आहे, किंवा तो तिथे काहीतरी तिरकं बोलेल म्हणून घाबरते आहे. मी तर उलट ठरवलं की आता याला न्यायचंच. मुलगी पांढऱ्या शर्टात काउंटरमागे उभी राहिलेली त्याने एकदा डोळ्यांनी बघितली पाहिजे. एकदा बघितली की तोंडातून “मॅनेजमेंट” निघायचं नाही. त्यासाठी मी किती शक्ती खर्च केली याचा हिशेब नाही. आधी गोडीने, मग रुसून, मग सरळ भांडून. “मी एकटी बायको बारमध्ये गेलेली चालेल का तुम्हाला?” असं विचारलं तेव्हा तो शेवटी तयार झाला. म्हणाला, “चल. शब्द पाळते का तेही बघतो.” ते वाक्य मी कानाआड केलं. माणूस येतोय ना, मग कशासाठी का येईना.

आम्ही गेलो तेव्हा दुपार कलली होती, बार अजून गिऱ्हाइकांना उघडला नव्हता. आत गारवा, पॉलिश केलेलं लाकूड, आणि दिव्यांखाली ओळीने लावलेल्या बाटल्या. नवऱ्याने ऑफिसचा कोट घातला होता. मुलीने मला बघून हात वर केला, मग माझ्यामागे त्याला बघितलं आणि हात हळूच खाली घेतला. तेव्हाही मला वाटलं, गांगरली, होईल ठीक.

मालक उठून पुढे आले. “मासिमा, बोशून, बोशून,” म्हणत त्यांनी मला खुर्ची दिली. त्यांच्यापेक्षा मी वयाने पुष्कळ लहान, पण त्यांनी सगळ्या नोकरांच्या वतीने मला मावशी केलं होतं. नवऱ्याशी हात मिळवला. काय घेणार, म्हणून विचारलं. नवऱ्याने लिंबू-सोडा सांगितला आणि लगेच, कुणी विचारलं नसताना, आपण कशाला शिवत नाही हेही सांगितलं. मालक म्हणाले, उत्तम, त्याने जीभ चांगली राहते. नवऱ्याला ते फार आवडलं.

मुलीने काम सुरू केलं. मी तिला असं कधी बघितलंच नव्हतं. घरी ही पोरगी चहाचा कप ठेवायला गेली तर बशीत सांडते. इथे तिचे हात एकामागून एक नेमके पडत होते. पेल्यात बर्फ, मापाने व्हिस्की, मापाने ती लालसर व्हर्मूथ, बिटर्सचे थेंब, आणि मग चमचा. आवाज नाही. तिच्यासोबतचा जुना बारटेंडर, मिशीवाला शांत माणूस, बाजूला हात बांधून उभा होता. मी नवऱ्याकडे बघितलं. तो सोडा विसरून बघत होता. मला वाटलं, जिंकलं.

ढवळून झालं तसा जुन्या बारटेंडरने काउंटरवरचा चाखायचा स्टीलचा स्ट्रॉ तिच्या बाजूला सरकवला. तिने तो घेतला नाही. पेल्यावर किंचित वाकली, वास घेतला, आणि थंड केलेल्या ग्लासात ओतून, चेरी टाकून, मालकांपुढे ठेवला. ते वाकणं मी ओळखलं. कटाच्या आमटीवर ती तशीच वाकली होती. माझा ऊर भरून आला, हे मला सांगायलाच हवं. मी नवऱ्याच्या कोटाची बाही ओढून कानात म्हटलं, “बघा, आपली पद्धत.”

मालकांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि ग्लास खाली ठेवला. ते मऊ आवाजात म्हणाले, “मा, एकटू चेखे देखो.”

जरा चाखून बघ. इथली म्हातारी माणसं लहान मुलींना मा म्हणतात. एवढं बंगाली नवऱ्यालाही कळतं.

तिने चाखलं नाही. मालकांनी स्वतः तो स्ट्रॉ ग्लासात बुडवला, वरून बोट दाबून धरलं, आणि थेंब अडकलेला स्ट्रॉ तिच्यापुढे धरला. ते रागावलेले नव्हते. त्यांना तिला काही दाखवायचं होतं. मुलीने स्ट्रॉकडे बघितलं, मग आमच्या टेबलाकडे, त्याच्याकडे बघितलं. मीही त्याच्याकडे बघितलं. नुसती मान हलवायची होती. नुसतं, घे पोरी, एवढंच. तो लिंबू-सोड्याच्या ग्लासावरचं पाणी बोटाने पुसत होता.

“सॉरी, सर,” ती म्हणाली.

मी उठले. मला राहवलंच नाही. काउंटरपाशी गेले, तो ग्लास घेतला आणि एक घोट घेतला. आयुष्यातली पहिली दारू, तीही अशी. घसा जळला, मग कडू, मग गोड, आणि त्या गोडाच्या मागे काहीतरी शिळं, आंबूस, उघड्या राहिलेल्या द्राक्षाच्या रसासारखं. पुरण आदल्या दिवशीचं असलं की जीभ जसं सांगते तसं माझ्या जिभेने सांगितलं. “काहीतरी खराब आहे यात,” मी मराठीतच म्हणाले. जुन्या बारटेंडरने व्हर्मूथची बाटली उचलून नाकाशी धरली, मग थेंबभर चाखली आणि डोळे मिटले. उघडलेली बाटली कुणीतरी फ्रिजमध्ये ठेवायच्या ऐवजी दिव्यांखाली मांडून ठेवली होती, शोभेला. व्हिस्कीच्या वासापुढे तो बिघाड नाकाला कळण्यासारखा नव्हता. जिभेला पहिल्याच थेंबात कळला असता.

मालकांनी मला हसून नमस्कार केला. मग तिच्याकडे वळून बंगालीत जे बोलले ते मला शब्दाशब्दाने आठवतं, कारण त्यांचा आवाज चढला नाही. बाटली कुणाचीही बिघडते. पण सांगूनसुद्धा जी स्वतःच्या हातचं चाखत नाही, तिला मी काउंटर देऊ शकत नाही. माझं सगळं आयुष्य जिभेवर गेलं आहे. मी दुसरं काही ओळखत नाही.

मला वाटलं होतं, मुलगी आता सांगेल. शब्द दिलाय, गौरींपुढे दिलाय, बाप समोर बसलाय. मालक समजूतदार वाटत होते, ऐकलं असतं. पण ती एवढंच म्हणाली, “येस, सर,” आणि चमचा पुसायला लागली.

टॅक्सीत नवराच बोलत होता. बायपासवर गर्दी होती, आणि तो पुढच्या सीटवरून मागे वळून वळून सांगत होता. “मालकाने हातात धरून दिलं. तरी नाही घेतलं. मी बघत होतो. माझी खात्रीच होती.” त्याचा आवाज असा प्रेमळ मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. मुलगी बाहेर बघत होती. मला त्याला गाडीतून उतरवावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर मी मुलीशेजारी जाऊन बसले. ती अंथरुणातच होती. मी म्हटलं, “चूक त्या पद्धतीत नाही गं. व्हिस्कीचा दर्प आड आला नसता तर तुला वासावरून कळलं असतं. रोज कळतंच की.”

ती माझ्याकडे बघून हसली. मोठ्या माणसाने लहान मुलाला हसावं तसं.

“आई, वासावरून काय कळतं? मी रोज चाखते.”

“म्हणजे?”

“पहिल्या दिवसापासून. प्रत्येक ड्रिंक. स्ट्रॉवर एक थेंब. त्याशिवाय कोण देईल गेस्टला? कधी थुंकते, कधी नाही थुंकत.”

गौरी, हात जोडणं, साताऱ्याला केलेला फोन, सगळं एकदम आठवलं. “मग काल काय झालं तुला?” मी विचारलं.

“काल बाबा होते ना समोर.”

तेवढंच म्हणाली. “मी सांगितलं होतं, बाबांना नको,” असं तिला म्हणता आलं असतं. म्हणाली नाही. मला त्या क्षणी तिने तसं म्हणायला हवं होतं, भांडायला हवं होतं, कारण मग मलाही भांडता आलं असतं. असा राग मी घेऊन कुठे जाणार होते? एका थेंबासाठी मुलीचं काउंटर गेलं. तो थेंब ती रोज घेत होती. आणि त्या एका दिवशी तिने घेऊ नये याची व्यवस्था मी, भांडून, रुसून, कोट इस्त्री करून केली होती.

मी ठरवलं, याला आज सांगायचं. जे काय व्हायचं ते होऊ दे. तुमच्या त्या शब्दाची काय किंमत पडली ते कळू दे. दिवसभर मी वाक्यं जुळवत होते.

संध्याकाळी तो आला, हातपाय धुतले, आणि चहा घेऊन खोलीत जाऊन फोन लावला, साताऱ्याला, थोरल्या भावाला. आमच्याकडे फोनवर सगळे एवढ्या मोठ्याने बोलतात की दार लावून उपयोग नसतो. आम्ही दोघी बाहेर जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसलो होतो.

“हॉटेल नाही, दादा. बार. दारूचा बार, पार्क स्ट्रीटला. हो, आपलीच. बारटेंडर म्हणतात तिला. काय हात चालतो, दादा, तू बघायला हवं होतंस, एक थेंब इकडेतिकडे नाही. आणि मालकाने स्वतः पुढे केली, चाख म्हणाला. नाही चाखली. मला शब्द दिला होता. नोकरी गेली, पण शब्द नाही मोडला.”

मी मटाराची शेंग टाकून उठले. मुलीने माझा हात धरला.

“आई, राहू दे.”

“का राहू दे? त्यांना कळायला नको?”

“नको. ऐक ना.” तिने आतल्या खोलीकडे मान केली. “पहिल्यांदाच सांगतायत ते कोणाला, मी काय काम करते ते.”

मी उभीच राहिले. तिचा हात सुटेना. मला त्याचा राग आला होता, तिचा आला होता, माझा तर सर्वांत जास्त, आणि तिघांपैकी कुणावरही तो काढायची सोय तिने ठेवली नव्हती. आत एक फोन संपला आणि दुसरा सुरू झाला. आता तो माझ्या बहिणीला सांगत होता, तेच सगळं, जरा आणखी रंगवून. बोलता बोलता त्याला ठसका लागला. मुलगी उठली, तांब्यातून पेला भरला आणि आत नेऊन दिला. उघड्या दारातून मला दिसत होतं. तो पाणी प्यायला, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिला तिथेच उभं करून पुढचं सांगायला लागला.